तारापूरचे इंधन आणि देशाचे संरक्षण



देशाच्या संरक्षणाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे हिमालयाची शिखरे, पंजाबची सरहद्द, रणगाडे आणि विमाने उभी राहतात. ते साहजिक आहे. परंतु आज मी आपल्याला इतक्या लांब नेणार नाही. माकुणसारहून निघून पालघर, बोईसर ओलांडले की तासा-दीड तासात माणूस तारापूरच्या अणुविद्युत केंद्राच्या फाटकाशी येतो. भारताच्या परराष्ट्रनीतीतले आणि संरक्षणनीतीतले काही सर्वांत अवघड पेच या फाटकाच्या आत असलेल्या वस्तूवरून निर्माण झाले. वॉशिंग्टनच्या सिनेटमध्ये तारापूरचे नाव घेऊन मते मोजली गेली. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या (तेव्हा पालघर जिल्हा झाला नव्हता) एका किनारी गावाचे नाव अमेरिकन खासदारांनी इतक्या वेळा घेतले असेल, हे येथल्या वाडीवाल्याच्या किंवा मांगेल्याच्या स्वप्नातही आले नसेल.

मी विद्यापीठात शिकलेला माणूस नाही. कामगारांच्या चळवळीत आयुष्य गेले, आणि जे वाचले ते रात्री युनियनच्या कचेरीत व सार्वजनिक वाचनालयात. पण या धंद्यात एक सवय लागते. करार हातात आला की आम्ही पगारवाढीचा आकडा नंतर पाहतो. आधी पाहतो ते शेवटच्या पानावरचे कलम. करार मोडला तर काय, मोडणाऱ्यावर बंधन कोणते आणि दुसऱ्या पक्षाची सुटका कशी, हे तेथे लिहिलेले असते. तारापूरचा इतिहास मी त्याच सवयीने वाचला आहे.

तथापि थोडे मागे गेल्याशिवाय हा विषय कळायचा नाही. आपला हा किनारा व्यापार आणि सत्ता यांचे नाते फार पूर्वीपासून ओळखतो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर वसईपासून उत्तरेकडे केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू असे किल्ले आणि कोट एका माळेत उभे राहिले किंवा त्यांच्या ताब्यात गेले. पोर्तुगीजांची सत्ता जमिनीवर फार खोल नव्हती. तिचे बळ एका कागदात होते. त्या कागदाला कार्ताझ म्हणत. समुद्रातून जाणाऱ्या गलबताने तो परवाना विकत घ्यायचा, ठरलेल्या बंदरात जकात भरायची, नेमून दिलेला माल न्यायचा. परवाना नसेल तर जहाज आणि माल दोन्ही जप्त. पुढे कान्होजी आंग्र्यांनी स्वतःची दस्तके काढली तेव्हा युरोपियन कंपन्यांनी त्यांना चाचे म्हटले. वास्तविक दोघे एकच गोष्ट करीत होते. समुद्रावर परवाना कोणी द्यायचा, एवढाच तो वाद होता. चिमाजीअप्पांच्या मोहिमेत १७३९ च्या जानेवारीत तारापूरच्या किल्ल्यावर बाजी भिवराव रेठरेकर पडले आणि मे महिन्यात वसई हाती आली, हे आपण शाळेत वाचलेले आहे. तो धर्माचा आणि मुलखाचा लढा होता, हे खरे. पण तो या परवान्याच्या सत्तेविरुद्धचाही लढा होता, हे सहसा सांगितले जात नाही.

विसाव्या शतकात या परवान्याचे रूप बदलले. मालाच्या जागी तेल आले, यंत्र आले आणि शेवटी युरेनियम आले.

स्वातंत्र्यानंतर पहिला धडा तेलाने दिला. मुंबईत तुर्भ्याला स्टॅनव्हॅक आणि बर्मा-शेल यांचे शुद्धीकरण कारखाने १९५४-५५ च्या सुमारास सुरू झाले. कारखाने आपल्या भूमीवर, कामगार आपले, रॉकेलची गाडी आपल्या गल्लीत. पण कोणाचे कच्चे तेल शुद्ध करायचे, हे मात्र परदेशात ठरे. १९६० साली सोव्हिएत रशियाने स्वस्त दराने कच्चे तेल देऊ केले, तेव्हा या कंपन्यांनी ते आपल्या कारखान्यांत शुद्ध करण्यास नकार दिला. सरकार हात चोळत बसले. केशवदेव मालवीय यांच्यासारख्या मंत्र्यांनी तेल व नैसर्गिक वायू आयोग आणि सरकारी तेल कंपनी यांच्यामागे जी शक्ती लावली, तिच्या मुळाशी हा अनुभव होता. त्याच साली आपल्याच रेल्वेमार्गावर पुढे असलेल्या अंकलेश्वरला तेल लागले. चौसष्टनंतर सोव्हिएत जहाजाने आपल्या समोरच्या समुद्राची पाहणी केली, आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने बॉम्बे हायला तेल काढले. दुसरा धडा अन्नाने दिला. १९६५ च्या युद्धानंतर आणि त्यापुढच्या दोन दुष्काळी वर्षांत अमेरिकेचा गहू महिन्या-महिन्याच्या हिशेबाने येई. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन दोरी आखडती धरीत. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. ज्यांनी रेशनच्या रांगेत उभे राहून मिलो नेला, त्या वडीलधाऱ्यांना परराष्ट्रनीती म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता तारापूर. डॉ. होमी भाभा यांचे गणित थोडक्यात असे होते. आपल्या देशातला कोळसा मुख्यतः बिहार-बंगालकडे, आणि उद्योग मुंबई-अहमदाबादकडे. आगगाडीने शेकडो मैल कोळसा आणून वीज करायची, तर वाहतुकीचाच खर्च मोठा. तेव्हा जेथे कोळसा महाग पडतो तेथे अणुवीज परवडेल. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले होते. दोन्ही राज्यांना वीज देता येईल आणि थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी मिळेल अशी जागा म्हणून तारापूर निवडले गेले. जागतिक निविदा मागविल्या गेल्या आणि अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीची उकळत्या पाण्याची अणुभट्टी पसंत पडली.

येथे एक तांत्रिक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे राजकारण तिच्यातून निघते. खाणीतून येणाऱ्या युरेनियममध्ये प्रत्यक्ष जळणारा भाग, म्हणजे युरेनियम-२३५, हजारात सात इतकाच असतो. एका प्रकारच्या भट्टीत हे नैसर्गिक युरेनियम तसेच चालते, पण तिला जड पाणी लागते. दुसऱ्या प्रकारच्या भट्टीत साधे पाणी चालते, पण त्या जळणाऱ्या भागाचे प्रमाण वाढवून शेकडा दोन-तीनपर्यंत न्यावे लागते. याला समृद्ध युरेनियम म्हणतात. ते समृद्ध करण्याचे प्रचंड कारखाने त्या काळी मोजक्या बड्या राष्ट्रांकडे होते, आणि बाहेर विकण्याइतका साठा व इच्छा मुख्यतः अमेरिकेकडे होती. तारापूरची भट्टी या दुसऱ्या प्रकारची. म्हणजे भट्टी एकदाच घ्यायची, पण इंधन जन्मभर त्याच दुकानातून आणायचे.

८ ऑगस्ट १९६३ रोजी भारत-अमेरिका करार झाला. तारीख लक्षात घ्या. चीनच्या आक्रमणाला अजून वर्षही झाले नव्हते; आपण अमेरिकेकडे शस्त्रे मागत होतो आणि वॉशिंग्टनला भारत जवळचा वाटू लागला होता. सुमारे आठ कोटी डॉलरचे कर्ज नाममात्र व्याजाने आणि चाळीस वर्षांच्या मुदतीने मिळाले. करार तीस वर्षांचा. या अवधीत तारापूरला लागणारे सर्व समृद्ध युरेनियम अमेरिका पुरवील. उलट तारापूर केंद्र अमेरिकेने दिलेल्या इंधनाखेरीज दुसऱ्या इंधनावर चालविले जाणार नाही. आणि त्या इंधनाचा वापर शांततेच्या कामासाठीच होत आहे याची तपासणी होईल. जळून गेलेल्या इंधनावर पुन्हा प्रक्रिया करायची तर दोन्ही सरकारांचा एकत्रित निर्णय लागेल.

कामगार पुढाऱ्याच्या नजरेने पाहिले तर हा करार जितका वाईट म्हणतात तितका वाईट नव्हता. बंधन दोघांवर होते. भारताने फक्त अमेरिकेचे इंधन वापरायचे, म्हणून अमेरिकेने ते दिलेच पाहिजे. आणि तिने दिले नाही, तर भारतावरचे बंधनही सुटते. पुढे वीस वर्षांनी हेच कलम आपल्या कामाला आले. भाभांनी परावलंबन पत्करले, असे पुष्कळ जण म्हणतात. मला ते अर्धेच पटते. त्यांनी राजस्थानात कॅनडाच्या मदतीने नैसर्गिक युरेनियमची दुसरी वाट धरलीच होती. तारापूर हे लवकर आणि स्वस्तात उभे करून दाखवायचे होते. ऑक्टोबर १९६९ मध्ये दोन्ही भट्ट्या व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या आणि जानेवारी १९७० मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते केंद्र राष्ट्राला अर्पण झाले. हे पाहण्यास भाभा नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवरच्या विमान अपघातात त्यांचा अंत झाला होता.

मग १९७४ साल उजाडले. आदल्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झाले आणि काही महिन्यांत तेलाचा भाव चौपट झाला. महागाई आभाळाला भिडली. ८ मे रोजी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशभर रेल्वे कामगारांचा संप सुरू झाला. तो मोडण्यासाठी सरकारने भारत संरक्षण नियम आणि मिसा हे देशाच्या सुरक्षिततेसाठी केलेले कायदे वापरले. हजारो कामगार तुरुंगात गेले, कित्येकांना कुटुंबासह रेल्वेच्या खोल्यांतून बाहेर काढले. संपाच्या अकराव्या दिवशी, १८ मे रोजी, पोखरणला अणुस्फोट झाला आणि वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावरून संप खाली सरकला. स्फोटाची तारीख संपासाठी ठरली असे मी म्हणत नाही. तयारी वर्षांची होती. परंतु एकाच महिन्यात एकच शब्द, ‘राष्ट्रीय सुरक्षा’, दोन कामांना लावला गेला. एक काम परकीयांना बळ दाखविण्याचे, दुसरे आपल्याच इंजिन-फायरमनला वठणीवर आणण्याचे. आमच्या चळवळीतली जुनी माणसे हा महिना विसरली नाहीत, आणि इतिहास लिहिणाऱ्यांनीही विसरू नये.

पोखरणचा पदार्थ तारापूरचा नव्हता. तो तुर्भ्याच्या, कॅनडाच्या साहाय्याने बांधलेल्या ‘सायरस’ भट्टीतला होता. पण शिक्षा तारापूरला व्हायची होती. कॅनडाने १९७६ मध्ये सहकार्य तोडले. अणुसामग्री पुरविणाऱ्या राष्ट्रांनी आपला गट बांधून निर्यातीचे नियम कडक केले. अमेरिकेत १० मार्च १९७८ रोजी अण्वस्त्रप्रसारबंदीचा नवा कायदा झाला. ज्या देशाने आपली सर्व अणुकेंद्रे तपासणीसाठी खुली केलेली नाहीत, त्याला इंधन द्यायचे नाही, असे तो म्हणत होता. म्हणजे १९६३ चा करार एका केंद्राच्या तपासणीवर झाला होता; १९७८ चा कायदा साऱ्या घराची झडती मागत होता. करार चालू असताना मालकाने आपल्या घरात ठराव करून नवी अट घालावी, तसा हा प्रकार. मोरारजी देसाई स्वतः बॉम्बविरोधी. पण त्यांनीही ही अट मान्य केली नाही. जानेवारी १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर दिल्लीला आले असताना, देसाईंना थंड आणि सडेतोड पत्र लिहिले पाहिजे असे ते आपल्या परराष्ट्रमंत्र्याला म्हणाले आणि जवळचा ध्वनिक्षेपक चालू राहिल्याने ते जगाने ऐकले. मुत्सद्देगिरीतले खरे वाक्य बहुधा असेच चुकून ऐकू येते.

इकडे तारापूरला इंधन पुरवून पुरवून वापरण्याची वेळ आली. १९८० च्या मे महिन्यात अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने भारताचे अर्ज एकमताने फेटाळले. कार्टर यांनी तो निर्णय डावलून अडतीस टन इंधन देण्याची आज्ञा काढली. प्रतिनिधीगृहाने त्यांच्याविरुद्ध २९८ विरुद्ध ९८ असा कौल दिला. २४ सप्टेंबर रोजी सिनेटमध्ये मोजणी झाली : ४८ विरुद्ध ४६. दोन मतांनी तारापूर वाचले. याच कार्टरनी दोन वर्षांपूर्वी कायद्यावर सही केली होती. मध्यंतरी काय बदलले? डिसेंबर १९७९ मध्ये रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. अमेरिका पाकिस्तानला पुन्हा जवळ करू लागली होती आणि त्याच वेळी भारत पुरता दुरावू नये असेही तिला वाटत होते. काबूलमध्ये रणगाडे आले म्हणून बोईसरच्या कारखान्यांतले दिवे लागत राहिले. तेव्हा ऊर्जेचा प्रश्न वेगळा, व्यापाराचा वेगळा आणि संरक्षणाचा वेगळा, अशी तीन कपाटे करणाऱ्यांना मी हे एकच उदाहरण देतो.

ही सोय टिकणारी नव्हती. रीगन यांच्या काळात तोडगा निघाला. जुलै १९८२ मध्ये इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या. अमेरिकेऐवजी फ्रान्सने इंधन द्यावे आणि तपासणीची जुनी अट चालू राहावी असे ठरले. नोव्हेंबरमध्ये फ्रान्सशी करार झाला. येथे ते शेवटचे कलम उपयोगी पडले. इंधन बंद झाले तर आमची बंधनेही संपली, असे भारत म्हणू शकत होता. आणि तसे झाले असते, तर तारापुरात साठलेल्या जळक्या इंधनाला विचारणारा कोणी राहिला नसता. त्यातूनही प्लुटोनियम निघू शकते. अमेरिकेला खरी भीती त्याची होती. ज्याच्याकडून आपण इंधन मागत होतो, त्याचीही एक नाडी आपल्या हाती होती.

फ्रान्सचे इंधन १९९३ पर्यंत, मूळ कराराच्या तीस वर्षांपर्यंत, आले. पुढे १९९५ मध्ये ते चीनने दिले. ज्या चीनच्या भीतीने आपण १९६३ साली अमेरिकेच्या जवळ गेलो, त्याच चीनचे युरेनियम तारापुरात जळले! २००१ मध्ये रशियाने दिले, तेव्हा अमेरिकेने नाके मुरडली. दरम्यान तारापूरच्याच आवारात आपल्या शास्त्रज्ञांनी प्लुटोनियम मिसळलेले इंधन तयार करून या भट्ट्यांत वापरून पाहिले. नडलेल्या माणसाला कसब येते, ते असे. पुण्याची गोष्टही याच जातीची. अमेरिकेने मोठा संगणक देताना आडकाठी केली, तेव्हा १९८८ मध्ये तेथे प्रगत संगणनाचे केंद्र निघाले आणि डॉ. विजय भटकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ‘परम’ उभा केला. मात्र अडवणूक झाली म्हणून आपण मोठे झालो, असे सरसकट म्हणण्यात अर्थ नाही. त्या काळात अणुविजेची वाढ रखडली, आणि रखडण्याची किंमतही देशानेच दिली.

१९९८ च्या स्फोटांनंतर पुन्हा निर्बंध आले आणि दहा वर्षांत चक्र उलटे फिरले. २००८ मध्ये अणुकरारावरून डाव्या पक्षांनी पाठिंबा काढला, २२ जुलैला लोकसभेत सरकार २७५ विरुद्ध २५६ मतांनी तरले, ६ सप्टेंबरला पुरवठादार राष्ट्रांनी भारताला सवलत दिली आणि १० ऑक्टोबरला अमेरिकेशी करारावर सही झाली. १९७४ नंतर तारापूरसाठी जे दार बंद झाले ते चौतीस वर्षांनी उघडले. त्यात आपली मोठी झालेली बाजारपेठ होती, चीनचे वाढते बळ होते आणि भट्ट्या विकू पाहणाऱ्या कंपन्याही होत्या. तत्त्व बदलले नव्हते. गिऱ्हाईक बदलले होते.

आता जे या साऱ्या कागदांत नाही, ते थोडे सांगतो. १९६२ चा अणुऊर्जा कायदा झाला, त्याच्या अठराव्या कलमाने सरकारला माहिती गुप्त ठेवण्याचे व्यापक अधिकार दिले. बॉम्बच्या बाबतीत गुप्तता समजते. परंतु वीज करणाऱ्या केंद्रात एखाद्या हंगामी कामगाराने किती किरणोत्सर्ग सोसला, हा शत्रूपासून लपविण्याचा विषय कसा होतो? अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले ते नोव्हेंबर १९८३ मध्ये, म्हणजे तारापूर सुरू होऊन चौदा वर्षांनी. ऐंशीच्या दशकात दुरुस्तीच्या अडचणींमुळे या भट्ट्यांची क्षमता २१० मेगावॅटवरून १६० वर आणावी लागली. अशा दुरुस्त्या माणसांनाच कराव्या लागतात, आणि ती माणसे कोणत्या गावची हे सिनेटच्या चर्चेत येत नाही. मार्च २०११ मध्ये जपानात फुकुशिमा झाले. तेथल्या जुन्या भट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या याच घराण्यातल्या, आणि त्यांच्याहून तारापूरच्या पहिल्या दोन वयाने वडील. त्या दिवसांत बोईसरच्या नाक्यावर लोक जे प्रश्न विचारीत होते, ते अडाण्याचे प्रश्न नव्हते.

तिसरी आणि चौथी भट्टी आपल्या आराखड्याची, जड पाण्यावर चालणारी, प्रत्येकी ५४० मेगावॅटची. ती २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाली. समृद्ध युरेनियमसाठी कोणाच्या ओंजळीने पाणी पिण्याचे कारण त्यांना नाही. स्वावलंबनाचा हा मोठा टप्पा, यात शंका नाही. त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली. पुनर्वसनाचा तंटा मुंबईच्या उच्च न्यायालयात गेला. ज्यांचे पोट समुद्रावर, त्यांना समुद्रापासून दूर घरे मिळाली. परावलंबनाच्या काळात निर्णय वॉशिंग्टनला झाला आणि स्वावलंबनाच्या काळात दिल्लीला. दोन्ही वेळा अक्करपट्टीला तो नोटिशीनेच कळला.

पहिल्या दोन भट्ट्या पन्नास वर्षे चालून २०२० साली दुरुस्तीसाठी थांबविण्यात आल्या. त्यांच्या उत्तरेला डहाणूच्या बाजूस वाढवणला, मच्छीमारांचा विरोध असताना, ऑगस्ट २०२४ मध्ये सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या बंदराची पायाभरणी झाली. भारतातून मध्यपूर्वेमार्गे युरोपात जाणाऱ्या नव्या व्यापारी मार्गाचे ते द्वार होईल, असे सरकार सांगते. १९९१ मध्ये केंद्र सरकारनेच डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला होता. त्या बंदराचा करार मी अजून पुरता वाचलेला नाही. पुढच्या वसंतात आपण बोलावलेत, तर त्याच्या शेवटच्या पानापासून सुरुवात करू.